नागावला स्पा करतेय: जांभा ठेवू की झाकू?

नागावची_वाडी:
नमस्कार मंडळी. अलिबागजवळ नागावला आमचं जुनं कौलारू घर आहे, भिंती उघड्या जांभ्याच्या. तिथे चार खोल्यांचा, जरा महागातला स्पा काढायचाय. डिझायनरच्या चित्रांत जांभा झाकून सगळीकडे पांढरं इटालियन मार्बल, झुंबर, छतात गोल दिवे. मला ते मंगल कार्यालय वाटतं. नवरा म्हणतो, लोक पैसे मार्बलचेच देतात. काय करू?

तेलाचे_हात:
नऊ वर्षं थेरपिस्ट होते, म्हणून टेबलाशेजारून सांगते. आधी स्वतः टेबलावर पडून बघा. पालथं पडलं की टेबलाच्या तोंड ठेवायच्या भोकातून फक्त जमीन दिसते, उताणं पडलं की छत. भिंतीकडे बघतंय कोण! शिरोधारेला, म्हणजे कपाळावर तेलाची धार सोडतात तेव्हा, माणूस अर्धा-पाऊण तास उताणा असतो. वर गोल दिवा म्हणजे डोळ्यांत बॅटरी. दिवे भिंतीच्या पायथ्याशी घ्या, पिवळसर, २७०० केल्विनच्या आसपास, मंद करता येणारे. एसीचा झोतही टेबलावर नको, तेल लावलेल्या अंगावर काटा येतो.

मार्बल तेल पितं, डाग हटत नाही. त्यात पॉलिश असेल तर विचारूच नका, मी गरम तेलाच्या वाटीसकट आपटलेय. खरखरीत कोटा फरशी घ्या, तोही सील करून. आणि हो, वापरलेले टॉवेल कुठे जातात ते चित्रात शोधा. माझ्या आधीच्या नोकरीत ते गिऱ्हाइकांसमोरून न्यावे लागायचे.

ओळंबा:
स्टीमरूमचं छत सपाट नको, उतार द्या. नाहीतर वाफेचं पाणी टपटप टाळूवर. तिथे साधं जिप्सम सीलिंग फुगतं. वॉटरप्रूफिंग फरशीपासून छतापर्यंत करा. जांभा सच्छिद्र, त्यामुळे स्टीमरूममध्ये उघडा ठेवू नका; बाकी खोल्यांत झाकलात तर पाप लागेल. सांडपाण्याला ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी टाकी, हवाच. खोबरेल २४ अंशांखाली थिजतं, पहिल्याच थंडीत पाइप तुंबेल.

नागावची_वाडी:
काल नवऱ्याला जेवणाच्या टेबलावर उताणं झोपवलं, वर ट्यूबलाइट. पाच मिनिटांत उठून बसला. झुंबर कटाप! मार्बल फक्त रिसेप्शनच्या काउंटरला, तेवढी त्याची हौस. जांभा राहतोय.
तेलाचे_हात, टॉवेलांची जागा चित्रात नव्हतीच. मागचं न्हाणीघर त्यासाठी मोकळं करतेय. तिथून खोल्यांपर्यंत मागच्या पडवीतून जाता येतं.