मदत हवी आहे : वीज दरवाढीवर हरकत कशी लिहायची?
मंडळी, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या सोसायटीला वीज कंपनीच्या दरवाढीच्या याचिकेवर हरकत नोंदवायची आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार कंपनी स्वतः दर ठरवू शकत नाही. वर्षाचा खर्च आणि महसुलातली तूट मांडून भोपाळच्या वीज नियामक आयोगाकडे (दर ठरवणारी राज्याची संस्था) दरवाढीची मागणी करते. आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. एवढं कळलं. पण याचिका म्हणजे नुसता आकड्यांचा डोंगर! वीजगळती, वीजखरेदी, स्थिर आकार... नेमकं बोट कशावर ठेवायचं? ‘दर वाढवू नका’ एवढंच लिहून काय उपयोग? शिवाय बिलातला इंधन अधिभार (इंधन-वीजखरेदीच्या बदलत्या खर्चापोटीची रक्कम) दर महिन्याला बदलतो, त्यावर हरकत घेता येते का? कोणी इंदूरकर सुनावणीत बोललं असेल तर मसुदा दाखवाल का? आमचे आप्पा तर आत्ताच भाषण पाठ करताहेत.