वर काळी माती, खाली कातळ: ११०/३३ केव्ही सबस्टेशनचं अर्थ ग्रिड १ ओहमच्या आत कसं आणायचं?

यार्ड_लेआउट: कागल बाजूला फाउंड्रीसाठी सबस्टेशनचं डिझाइन चालू आहे. यार्ड ८० बाय ६० मीटर, अर्थ ग्रिडसाठी (फॉल्टचा करंट मातीत सोडणारी, जमिनीत पुरलेली धातूची जाळी) १६०० मीटर फ्लॅट, म्हणजे धातूची पट्टी. वर दीड मीटर काळी माती, मग मुरूम, त्याखाली कातळ. जुलैत वेन्नर पद्धतीने (जमिनीत सारख्या अंतरावर चार खुंट्या ठोकून) रेझिस्टिव्हिटीची, म्हणजे माती विजेला किती अडवते त्याची, रीडिंग घेतली: खुंट्यांमधल्या १ मीटर अंतराला १२ ओहम-मीटर, १० मीटरला १८०. १८० धरली तर ग्रिड रेझिस्टन्स १.२६ ओहम येतो, सरासरी ९६ धरली तर ०.६७. ग्रिडला जोडलेले ३ मीटरचे उभे रॉड दुप्पट केले तरी फरक नाही. कुठला आकडा धरायचा?

रिले_पॅनेल: सरासरी अजिबात धरू नका. एवढ्या मोठ्या ग्रिडचा फॉल्ट करंट (बिघाडात जमिनीत उतरणारा करंट) वरच्या दीड मीटरात मावत नाही, खोल कातळात पसरतो, त्यामुळे रेझिस्टन्स खालचा थरच ठरवतो. १० मीटरचं अंतरही तोकडं आहे, ३०-४० मीटरपर्यंत न्या आणि दोन थरांचं मॉडेल करा. शिवाय जुलैत माती चिंब असते. एप्रिल-मेमध्ये, जमिनीला भेगा पडलेल्या असताना, पुन्हा मोजा.

रॉड अर्धे मुरमात जातात, म्हणून उपयोग नाही. कामी येतं ते क्षेत्रफळ, तेही वर्गमुळात: रेझिस्टन्स निम्मा करायला चौपट जागा लागते.

अर्थमॅट: मुळात १ ओहमच्या मागे लागू नका राव. माणूस वाचतो की नाही ते टच पोटेन्शियल ठरवतं, म्हणजे फॉल्टच्या वेळी स्ट्रक्चरला हात लावला तर हात आणि पाय यांच्यात येणारा व्होल्टेज. फॉल्ट १२ केए (१२ हजार अँपिअर), त्यातला निम्मा लाइनच्या अर्थवायरने परत गेला असं धरा. उरलेले ६ केए गुणिले १.२६ म्हणजे ग्रिड साडेसात हजार व्होल्टवर चढतं. ०.६७ असतं तरी चार हजार! म्हणून मेश व्होल्टेज (जाळीच्या एका चौकटीत मिळू शकणारा सर्वात जास्त टच व्होल्टेज) काढा आणि सहन होणाऱ्या मर्यादेशी ताडून बघा.

आयईईई ८० (सबस्टेशन अर्थिंगची मार्गदर्शिका) प्रमाणे ५० किलोचा माणूस, १ सेकंद फॉल्ट: उघड्या काळ्या मातीवर टच मर्यादा जेमतेम ११८ व्होल्ट. ३००० ओहम-मीटरची १०० मिमी खडी टाकली की साधारण ४७५. फॉल्ट अर्ध्या सेकंदात तुटत असेल तर ६७०. खरी सुरक्षितता त्या खडीत आहे. तिच्यात क्रशरची कच (बारीक चुरा) नको, आणि खाली ७५ मिमी पीसीसी (साधं काँक्रीट) हवंच, नाहीतर दोन पावसाळ्यांत काळी माती वर येऊन पोकळ्या भरते आणि मर्यादा परत खाली घसरते.

यार्ड_लेआउट: आणि कडेला, कुंपणापाशी?

अर्थमॅट: मेश व्होल्टेज कोपऱ्यांवर सर्वात जास्त. आत ८ मीटरची जाळी चालेल, कडेच्या दोन ओळी ३-४ मीटरवर आणा. कुंपण ग्रिडला जोडणार असाल तर बाहेर १ मीटरवर एक फ्लॅट फिरवा. गेट बाहेर उघडत असेल तर उघड्या गेटपर्यंत ग्रिड आणि खडी दोन्ही न्या. आयसोलेटरच्या (लाइन वेगळी करायचा स्विच) हँडलखाली वेगळी मॅट द्या, ती स्ट्रक्चरला आणि मेन ग्रिडला दोन्हीकडे जोडा.

रिले_पॅनेल: फाउंड्रीची पाण्याची लोखंडी पाइप यार्डातून बाहेर जात असेल तर कुंपणापाशी एचडीपीईचा (वीज न वाहणाऱ्या प्लास्टिकचा) तुकडा टाका. नाहीतर ते साडेसात हजार व्होल्ट थेट शेडमधल्या नळावर पोचतील.

यार्ड_लेआउट: पाइप आहे, ड्रॉइंगमध्ये दाखवलेलीच नव्हती. आजच सिव्हिलवाल्यांना कळवतो.