कीबोर्ड बिघडलेला नाही!

मॅकवर कंट्रोल-सी दाबून काहीच कॉपी होत नाही, कीबोर्ड बिघडलाय का, असं एकांनी विचारलंय. नाही हो! तिथे ते काम कमांडचं, स्पेसबारला खेटून असलेलं बटण. कॉपीला कमांड-सी, पेस्टला कमांड-व्ही. दादरच्या ऑफिसात मॅक आला तेव्हा माझी करंगळी आठवडाभर सवयीने कोपऱ्यातल्या कंट्रोलवरच जायची. आता अंगठा वापरते.

लिनक्सच्या (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) टर्मिनलमध्ये, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, मात्र जपून. तिथे कंट्रोल-सी म्हणजे चालू प्रोग्रॅम बंद! माझं अर्ध्या तासाचं काम असंच ९० टक्क्यांवर मेलं. तिथे कॉपीला बहुतेक ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-सी चालतं.

विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबून बघा, आधी कॉपी केलेलंही सापडतं. पहिल्यांदा ते सुरू करावं लागतं, एवढंच.