मदत हवी आहे: ब्रीडर्स कपचे अंदाज शर्यतीनंतर तपासायचे कसे?

नमस्कार मंडळी,

घोड्यांच्या शर्यतींचा नाद असलेले इथे दोन-चार जण तरी असतील या आशेने लिहिते आहे. अमेरिकेतल्या ब्रीडर्स कपचे अंदाज मी आधी वहीत लिहून ठेवते आणि शर्यती झाल्या की निकालाशी ताडून बघते. दोन दिवस, चौदा शर्यती. शुक्रवारी दोन वर्षांच्या घोड्यांच्या पाच, शनिवारी बाकीच्या नऊ. पैसे लावते ते अगदी थोडे, एखाद्या शर्यतीला दोन डॉलरचं एक तिकीट. मला खरा रस आहे तो आपण केलेला विचार बरोबर होता का, यात. आणि नेमकं तेच ठरवता येत नाहीये.

अडलंय ते क्लासिकपाशी. ब्रीडर्स कपमधली मुख्य शर्यत, डर्टवरची (मातीच्या ट्रॅकवरची) सव्वा मैलाची, सत्तर लाख डॉलरची.

२०२४ ला कॅलिफोर्नियातल्या डेल मार ट्रॅकवर मी सिएरा लिओन हा घोडा निवडला होता. वहीत कारण लिहिलंय ते जसंच्या तसं देते: "पुढे पळणारे फार आहेत. एकमेकांना दमवतील. मागून येणारा घेईल." झालंही तसंच. पहिला अर्धा मैल जवळपास ४५ सेकंदांत गेला. सव्वा मैल पळायचं असताना हा वेग कुणाला झेपणार? सिएरा लिओन मागून आला आणि दीड लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला. दुसरा फिअर्सनेस, तिसरा जपानचा फॉरेव्हर यंग. त्या पानावर मी हिरव्या शाईने बरोबरची खूण केली.

२०२५ ला पुन्हा डेल मार. त्या वर्षी केंटकी डर्बी आणि बेलमाँट जिंकलेला सॉव्हरिन्टी ताप आल्यामुळे बाहेर पडला. सिएरा लिओनचे ट्रेनर चॅड ब्राऊन यांनी काँट्ररी थिंकिंग नावाचा आपलाच दुसरा घोडा उतरवला होता, पुढे राहून वेग वाढवायला. मला वाटलं, आता तर ताटात वाढून ठेवलंय. वहीत जवळपास तेच वाक्य पुन्हा लिहिलं. निकाल: फॉरेव्हर यंग पहिला, सिएरा लिओन अर्ध्या लेंग्थने दुसरा, फिअर्सनेस तिसरा.

तेच तीन घोडे, तोच ट्रॅक, फक्त क्रम फिरला. अर्धी लेंग्थ म्हणजे सेकंदाचा साधारण दहावा भाग. तेवढ्यावरून एका पानावर हिरवी खूण आणि दुसऱ्या पानावर लाल फुली. हे मला पटत नाही, पण फुली मारायची नाही तर काय करायचं, तेही सुचत नाही. जवळजवळ जिंकलेल्या घोड्याला "बरोबरच होतं" म्हणत गेलं, तर आपली चूक कधी दिसणारच नाही.

तर विचारायचं असं, की निकालाचा क्रम सोडून नेमकं काय बघायचं? २०२५ चा माझा विचार चुकला, की विचार ठीक होता आणि घोडा थोडक्यात हरला? शिवाय घोड्यावर मिळणाऱ्या भावाचा (ऑड्सचा) हिशोब यात कसा धरायचा? जे मनापासून हा अभ्यास करतात त्यांनी जरूर सांगा.

प्रतिसाद १

ताई, वही ठेवता हे फार चांगलं. बहुतेक जण हरलेली तिकिटं विसरतात आणि जिंकलेली सांगत बसतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्याच वाक्यात दिसतंय. २०२४ ला "पुढे पळणारे फार आहेत" हे खरं होतं. २०२५ ला मुद्दाम पुढे पाठवलेला घोडा एक होता. या दोन गोष्टी सारख्या नाहीत. वेग वाढवायला सोडलेला घोडा तेव्हाच कामाला येतो, जेव्हा बाकीचे त्याच्या नादी लागतात. त्यांनी त्याला जाऊ दिलं आणि आपल्या चालीने पळाले, तर दमतो फक्त तो एकटा.

इथेच चार्ट, म्हणजे शर्यतीची छापील नोंद, वाचताना फसगत होते. चार्टवर पाव मैल, अर्धा मैल, पाऊण मैल असे जे वेळ छापतात, ते त्या त्या ठिकाणी जो सगळ्यात पुढे असेल त्याचे असतात. मागच्या घोड्याचा वेग त्यात नसतो. शर्यतींच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विबेसचा चार्ट उघडा आणि प्रत्येक टप्प्यावर पहिल्या आणि दुसऱ्या घोड्यात किती अंतर आहे ते आधी बघा. अंतर मोठं असेल तर तो वेळ एका घोड्यापुरता. तीन-चार घोडे खेटून असतील तर तो सगळ्यांचा.

अजून एक. चार्टमध्ये त्या टप्प्यावर घोडा कितवा आहे त्या आकड्याशेजारी जो बारीक आकडा असतो, तो त्याच्या मागच्या घोड्याच्या तो किती पुढे आहे हे सांगतो. शर्यतीआधी घोड्याची जुनी कामगिरी वाचतो तिथे तसाच बारीक आकडा असतो, पण तो सगळ्यात पुढच्या घोड्याच्या किती मागे आहे हे सांगतो. मी कितीतरी दिवस दोन्ही एकच समजून वाचत होतो आणि माझ्या टिपणांचा बट्ट्याबोळ झाला होता.

प्रतिसाद २

वरचं सगळं मान्य, पण एकट्या वेगावर सगळं ढकलू नका. फॉरेव्हर यंग २०२५ मध्ये वेगळा घोडा होता. तीन वर्षांचा असताना २०२४ च्या केंटकी डर्बीत तो, सिएरा लिओन आणि मिस्टिक डॅन एका रेषेत आले होते. मिस्टिक डॅन जिंकला, सिएरा लिओन नाकभर मागे, त्याच्या नाकभर मागे हा. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्याने सौदी कपमध्ये रोमँटिक वॉरियरला गाठून हरवलं. ती शर्यत बघितली नसेल तर नक्की बघा. समोरचा पुढे निघून गेल्यावर पुन्हा झेपावणारे घोडे फार थोडे असतात. त्याचे ट्रेनर योशितो याहागी त्याला किती विचारपूर्वक जपत आले आहेत, हेही लक्षात घ्या. क्लासिक जिंकणारा जपानमध्ये तयार झालेला तो पहिला घोडा.

तुमच्या वहीत २०२४ च्या पानावर फॉरेव्हर यंगबद्दल काय लिहिलंय? माझा अंदाज, "तिसरा" एवढंच.

धागाकर्ती

खरंय, "तिसरा" एवढंच लिहिलं होतं. आत्ता वही उघडून बघितली.

तुमचा प्रतिसाद वाचून २०२४ ची शर्यत पुन्हा पाहिली. या वेळी सिएरा लिओनकडे बघायचंच नाही असं ठरवून नजर फक्त फॉरेव्हर यंगवर ठेवली. तो पहिल्यापासून पुढच्या गटात होता. म्हणजे ज्या वेगाने बाकीच्यांचं कंबरडं मोडलं, त्याच वेगात हा पळत होता आणि तरी तिसरा आला. फिअर्सनेसचंही तेच, तो तर दुसरा टिकला. माझा घोडा जिंकला म्हणून मी त्या पानावर पुढे काही लिहिलंच नाही. मला वाटतं चूक तिथे आहे, २०२५ च्या पानावर नाही. हिरवी खूण केली की मी बघायचं थांबवते.

प्रतिसाद १, अंतरं बघायचं काम आज रात्री करते. भावाचं मात्र अजून कुणी बोललं नाही.

प्रतिसाद ३

भावाचं मी सांगतो.

तिथे बुकीशी भाव ठरत नाही. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, त्यातून ठरावीक टक्के कापून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. त्यामुळे तिकीट काढताना दिसणारा भाव आणि शेवटचा भाव यात बराच फरक पडू शकतो. वहीत नेहमी शेवटचा लिहा.

त्याची टक्केवारी करा. चारास एक म्हणजे पाचांत एकदा, २० टक्के. एकास एक म्हणजे ५०. एका शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांची बेरीज शंभराच्या वर जाईल, ते कापलेल्या पैशांमुळे, घाबरू नका. आता शर्यतीच्या आदल्या रात्री, भाव न बघता, तुमच्या मते प्रत्येक घोड्याला किती टक्के ते लिहायचं. एकाच घोड्याला नाही, सगळ्यांना. हे कंटाळवाणं आहे, पण यातच सगळं आहे. सिएरा लिओनला तुम्ही २०२५ ला ३० टक्के दिले असते, तर दहातल्या सात वेळा तो हरणार हे तुम्हीच लिहून ठेवलं असतं. मग लाल फुली कशाची? आणि ८० दिले असतील तर फुली मारायलाच हवी, तो अर्ध्या लेंग्थने हरो की नाकभर.

चौदा शर्यतींचं असं एक वर्ष झालं की ज्या ज्या घोड्यांना २० च्या आसपास दिले होते, ते सगळे एकत्र काढा. पाचांत एक जिंकतोय का बघा. एका क्लासिकवरून काहीच कळत नाही, दोनांवरूनही नाही. १९९३ ला आर्कँगस एकास १३३ च्या भावाने क्लासिक जिंकला, तेव्हा त्याचं तिकीट असलेल्याची पद्धत बरोबर होती असं म्हणायची माझी तयारी नाही.

प्रतिसाद १

ताई, मागून येणाऱ्या घोड्यांबद्दल थोडं लिहायचं राहिलं. झेन्याटा ही घोडी १९ पैकी १९ जिंकून २०१० च्या क्लासिकला आली, चर्चिल डाउन्स ट्रॅकवर अगदी मागे पडली आणि ब्लेमसमोर डोक्याएवढ्या अंतराने हरली. मला अजून ते बघवत नाही. तिने कमी केलं असं कुणी म्हणणार नाही, पण मागून येणाऱ्याला पुढचे काय करतात त्यावर अवलंबून राहावं लागतं. चर्चिलची शेवटची सरळ पट्टी १२३४ फूट. डेल मारची ९१९. म्हणजे सिएरा लिओनला तिथे जागा आणखी कमी. २०२४ ला पुढचे कोसळले म्हणून ती पुरली.

२०२६ ला स्पर्धा कीनलंड या दुसऱ्या ट्रॅकवर आहे. तुमचं डेल मारचं वाक्य तिथे तसंच उचलू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. २०२५ च्या पानावरची फुली खोडली नाही, पण तिच्या शेजारी लिहिलं: "पुढे पाठवलेला एकच होता. टक्के लिहिले नव्हते." आणि २०२४ च्या पानावर, हिरव्या खुणेखाली: "फॉरेव्हर यंग, तिसरा. वेगात राहून तिसरा."

कीनलंडसाठी नवीन वही घेतली आहे, दर शर्यतीला दोन पानं आणि टक्क्यांचा रकाना आधीच आखून. पहिल्या शर्यतीच्या आदल्या रात्री माझे टक्के याच धाग्यावर टाकीन. कृपया तेव्हा तुमचेही टाका.