मदत हवी आहे: बात्तियातोचा ‘फेतुस’ – सूर हलतोय तो सिंथेसायझरचा की माझ्या टर्नटेबलचा?

नमस्कार मंडळी,

फ्रांको बात्तियातो या इटालियन गायकाचा १९७२चा ‘फेतुस’ हा अल्बम सध्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. जुनी एलपी हाती लागली. सुरुवातीलाच हृदयाचे ठोके, मग साधी, गुणगुणता येईल अशी चाल आणि तिच्या अंगावर व्हीसीएस-३ सिंथेसायझरची किरकिर. पॉप म्हणावं तर मध्येच गाणं बाजूला ठेवून यंत्रच बोलत सुटतं, आणि निव्वळ प्रयोग म्हणावा तर चाल दिवसभर तोंडातून जात नाही. जेमतेम अर्ध्या तासाचा ऐवज, इंग्रज लेखक अल्डस हक्सलीला अर्पण केलेला.

अडचण अशी की सिंथेसायझरचा लांबवलेला सूर किंचित वर-खाली सरकतो. घरात तानपुरा ऐकत वाढल्यामुळे कानाला ते लगेच टोचतं. हे मुळातच तसं आहे, की एलपी/टर्नटेबल बिघडलंय? सुई नवीन आहे, तबकडी फिरवणाऱ्या बेल्टची खात्री नाही.

शिवाय कुणाला इटालियन येत असेल तर शीर्षकगीताचा आशय सांगाल का? आणि ‘फेनोमेनोलोजिया’ या गाण्यात तो चक्क गणिताची समीकरणं गातोय असं वाटतं. माझेच कान वाजतायत का?

*

प्रतिसाद:

कान ठणठणीत आहेत, समीकरणंच आहेत ती. शीर्षकगीतात न जन्मलेलं मूल बोलतंय: जन्माच्या आधीच काळीज जाणवत होतं, आणि आपलं आयुष्य प्रेमाविना सुरू होतंय हेही.

आता सुराचं. व्हीसीएस-३ लंडनच्या ईएमएस कंपनीचं, १९६९चं यंत्र. तारांऐवजी छोट्या पाटीवर पिना खोचून जोडण्या करायच्या. त्याचे ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे भाग, तापले की सूर सोडतात, ही त्याची जुनी खोड. तेव्हा फक्त सिंथेसायझर हलत असेल तर निर्धास्त राहा. पण सोबत गाणाऱ्याचा आवाजही तसाच हलत असेल तर दोष तुमच्याकडे. घड्याळ लावून बघा: ३३च्या वेगाला (मिनिटाला ३३⅓ फेरे) तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा. हेलकावा बरोबर तेवढ्याच अंतराने येत असेल तर एलपीचं भोक मध्यावर नाही किंवा ती वाकलीय. अनियमित येत असेल तर आधी बेल्ट बदला, स्वस्तात सुटाल.

*

धागाकर्ता:

धन्यवाद! आवाजही हलतोय, पण दर फेऱ्याला नाही. म्हणजे बेल्टच. यानंतर काय ऐकू?

*

प्रतिसाद:

‘सुल्ले कोर्दे दि आरिएस’, १९७३. माझ्या मते त्याचं सगळ्यात सुंदर काम. १९७४चा ‘क्लिक’ प्रयोगशील जर्मन संगीतकार स्टॉकहाउझनला अर्पण आहे, तिथे गाणं शोधू नका. आणि याच माणसाने १९८१च्या ‘ला व्होचे देल पाद्रोने’च्या दहा लाखांवर प्रती खपवल्या, तोही घ्याच. बेल्ट मागवताना मात्र जुन्याचा घेर मोजून घ्या, नुसतं मॉडेल सांगून भागत नाही.