फ्रेंचांकडे इतके चांगले रणगाडे असून १९४० ला असं का झालं?

मंडळी, एक शंका आहे. फ्रेंचांच्या बी-१ बिस या जड रणगाड्याला ६० मिलिमीटरचं चिलखत, आणि समोर जर्मनांचे निम्म्याहून जास्त रणगाडे हलके पॅन्झर १ नि २, तरी सहा आठवड्यांत फ्रान्स पडला. सगळीकडे "फ्रेंचांचे रणगाडे विखुरले होते" एवढंच वाचायला मिळतं, पण म्हणजे नेमकं काय झालं?

प्रतिसाद १
मुळात रणगाडे दोन खात्यांत वाटलेले. पायदळाला ते आपल्या जवानांसोबत चालायला हवे होते म्हणून रेनो आर-३५ च्या ४५-४५ रणगाड्यांच्या बटालियन वेगवेगळ्या आर्मींना देऊन टाकल्या. घोडदळाने मात्र १९३५ पासूनच डीएलएम, म्हणजे हलक्या यांत्रिक डिव्हिजन उभ्या केल्या आणि सोमुआ एस-३५ हा रणगाडा तिकडे गेला. बेल्जियममध्ये हानूला १२ ते १४ मे, जनरल प्रिऊच्या दोन डीएलएमनी जर्मनांच्या दोन पॅन्झर (रणगाडा) डिव्हिजनना चांगली टक्कर दिली, हे कोणी सांगतच नाही! पायदळाच्या डीसीआर, म्हणजे जड रणगाड्यांच्या डिव्हिजन, त्यातल्या पहिल्या दोन जानेवारी १९४० ला तयार झाल्या. चार महिन्यांत कसला सराव होणार हो?

प्रतिसाद २
विखुरणं बघायचं तर तिसरी डीसीआर बघा. १४ मेला फ्रान्समधल्या सेदान शहराच्या दक्षिणेला ती पोचली, हल्ल्याचा हुकूम होता, तो फ्रेंच जनरल फ्लाविन्यीने रद्द केला आणि एक बी-१ नि दोन हलके हॉचकिस रणगाडे असे गट करून रस्त्यारस्त्यावर बुचासारखे बसवले. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो, कारण १६ मेला जवळच्याच स्टोन गावात कॅप्टन बियोतच्या एकट्या बी-१ ने जर्मनांचे १३ रणगाडे उडवले, त्याच्या चिलखतावर १४० गोळे लागल्याच्या खुणा मोजल्या पण एकही आरपार गेला नाही. असे सगळे एकदम सोडले असते तर?

प्रतिसाद ३
सोडले असते तरी पेट्रोलचं काय? १५ मेला बेल्जियममधल्या फ्लाविओंजवळ पहिली डीसीआर टाक्या भरत असतानाच जर्मन जनरल रोमेलचे रणगाडे येऊन धडकले. शिवाय फ्रेंच रणगाड्यांच्या टरेटमध्ये (वरच्या फिरत्या तोफघुमटात) एकच माणूस, त्यानेच बाहेर बघायचं, तोफ भरायची, नेम धरायचा, डागायची आणि वर रणगाड्याला हुकूमही द्यायचे. जर्मनांच्या पॅन्झर ३ मध्ये याच कामाला तिघं असायचे. आर-३५ मध्ये तर बहुतेकांत रेडिओ नव्हता, इशारे झेंड्यांनी. अशा टरेटमधून बाजूच्या गाडीचं काय चाललंय हे कमांडरला कळणार कधी?

मूळ प्रश्नकर्ता
धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे फ्रेंच अधिकारी द गॉलची चौथी डीसीआर पण अशीच घाईत बनवलेली का?

प्रतिसाद १
हो, ती तर लढाई सुरू झाल्यावर मे मध्येच जमवली, आणि १७ मेला माँकोर्ने गावावर हल्ला केला तेव्हा डिव्हिजन अजून पूर्ण पोचलीसुद्धा नव्हती.