दप्तरं वाटू नका म्हटलं की लोक चिडतात

बालाघाटकर
जून-जुलै आला की आमच्याकडं (बीड, शिरूर कासार तालुका) दप्तर वाटपाचा सीझन लागतो. परवा शुक्रवारी आमच्या झेडपीच्या शाळेत असाच कार्यक्रम होता. पाहुणे साडेदहाला येणार होते ते पावणेदोनला उगवले, तोवर पोरं पटांगणात रांगेत, खिचडी थंडगार, स्वागतगीताची चार वेळा रंगीत तालीम. मग एकेकाला पुढं बोलवून दप्तर, त्यावर देणाऱ्याचं नाव ठळक छापलेलं, आणि प्रत्येकाचा फोटो, "हस की जरा" म्हणून.

तिथून शेजारच्या घरी चहाला गेलो तर खुंटीला आधीचीच तीन दप्तरं. एकात बाजरीचं बी, एकात म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या आणि रेशनकार्ड. कामाला आली म्हणा. पण त्या घरातली सहावीतली पोरगी दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जाणार, पार मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडावर, धाकट्याला सांभाळायला. चौथं दप्तर घेऊन ती काय करणार?

पुस्तकं बालभारतीची फुकट मिळतात, दोन गणवेशांचे पोरामागं 600 रुपये सरकार देतं, बूट-मोज्याचे 170. पैसे द्यायचेच असतील तर पोरगं हंगामात गावात राहील यासाठी द्या. वस्तू बास झाल्या.

सिंहगड रोड
वा! म्हणजे देणाऱ्यानंच चोर व्हायचं. आम्ही अकरा जण 2016 पासून दरवर्षी वह्या-दप्तरं देतोय, पगारातून, ना बॅनर ना हार. ते 600 रुपये कागदावर छान दिसतात हो, 2024 ला एक राज्य एक गणवेश काढलं तेव्हा 15 ऑगस्ट गेला तरी कित्येक शाळांत ड्रेस पोचले नव्हते, तेव्हा झेंडावंदनाला पोरं जुन्या कपड्यात उभी होती ते बघितलं का तुम्ही? आणि नवीन वहीचा वास घेणारं पोर मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या गावात तीन दप्तरं झाली म्हणून डोंगरापलीकडच्या वस्तीवर पण झाली असं नसतं.

आकडेमोड
दोघंही मुद्दा सोडून भांडताय. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, 6 ते 14 वयाच्या पोराला मोफत शिक्षण हा हक्क. हक्काच्या गोष्टीला देणगी कशाला? तुम्ही भोक बुजवत बसता म्हणून सरकार निवांत. सप्टेंबर 2023 चा शाळा दत्तकचा जीआर आठवा, ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी 50 लाखांच्या वस्तू-सेवा द्या आणि शाळेला आपलं नाव लावून घ्या. उद्या पोराच्या दाखल्यावर सिमेंटच्या ब्रँडचं नाव दिसलं तर कुणाला बोलणार?

कोयता ते कीबोर्ड
आकडेमोड साहेब, हक्क मान्य. पण मी सातवीत होतो तेव्हा हक्क येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता, तोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाची गाडी दारात उभी होती. आईबापानं त्याच्याकडनं उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, ती फेडायला दोघांचा कोयता जाणारच, मला ठेवायचं कुणाकडं एवढाच प्रश्न. आजी होती पण तिला दिसायचं कमी. शाळेतल्या बाईंच्या ओळखीच्या एका माणसानं महिना पाचशे रुपये द्यायला सुरुवात केली, त्यातून शेजारची काकू माझा आणि आजीचा दोन टाइम डबा करायची. त्या माणसाला मी अजून भेटलेलो नाही. भाकरी होती म्हणून मी राहिलो आणि राहिलो म्हणून दहावी झालो, दप्तर तर खताच्या गोणीचं शिवलेलं होतं.

टेक्सासचा तात्या
हेच मी करतो. एका मुलीचा वर्षाचा खर्च उचललाय एका संस्थेमार्फत. दर सहा महिन्यांनी तिचं पत्र आणि मार्कशीट येते, पैसा कुठं गेला ते कळतं. ह्यात वाईट काय?

झेडपी गुरुजी
तात्या, राग मानू नका, ती पत्रं मी लिहून घेतलेली आहेत. तुमची नाही, दुसऱ्या कुणाची. फळ्यावर "आदरणीय काका, तुमच्यामुळे मी शिकत आहे" लिहायचं आणि सगळ्यांनी उतरवायचं. एका पोरीनं विचारलं, "सर, काका कोण?" वर ज्या बाकावर एकीला मदत त्याच बाकावरच्या दुसरीला काहीच नाही, त्याचं काय होतं ते वर्गात बसल्याशिवाय कळत नाही.

बाकी हंगामी वसतिगृहाबद्दल, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी पोरं गावातच राहावीत म्हणून सरकारी पैशातून चालतं ते. नाव वसतिगृह, पण बऱ्याच ठिकाणी पोरं झोपायला आजी-आजोबांकडं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण तेवढं शाळेत. शाळा व्यवस्थापन समितीनं चालवायचं. मंजुरी उशिरा येते, गाड्या आधी निघतात. पोरं गेली की गेली, डिसेंबरात पैसे येऊन उपयोग शून्य. बोगस नावं लावल्याच्या तक्रारी पण झाल्यात, लपवत नाही. मधले तीन-चार आठवडे कुणी किराणा आणि स्वयंपाकाच्या मावशींचा पगार भरला तर निम्मी पोरं थांबतात, हा माझा अनुभव.

आकडेमोड
म्हणजे परत सरकारच्या उशिराचं बिल लोकांनी भरायचं. माझा मुद्दाच सिद्ध झाला.

मावशी डोंबिवली
अरे बाळा, रयत शिक्षण संस्था 1919 साली काय सरकारनं काढली होती का? भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, लोकांनी घराघरातून मूठमूठ धान्य दिलं. तू म्हणतोस तसं हक्काची वाट बघत बसले असते तर सातारा जिल्ह्यातल्या दोन पिढ्या गुरं राखत बसल्या असत्या.

आकडेमोड
मावशी, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. आता आपण टॅक्स भरतो, शिक्षण उपकर वेगळा भरतो.

बालाघाटकर
आमच्याकडं मुलींना एसटीचा पास फुकट आहे आणि एसटीच येत नाही, तसंच आहे हे सगळं. आकडेमोड, तुम्ही जरूर भांडा, आरटीआय टाका, मी सही करतो. पण ती सहावीतली पोरगी ह्या दिवाळीला जाणार आहे, तुमच्या आरटीआयच्या उत्तरानंतर नाही.

सिंहगड रोड
मी अजूनही म्हणतो की दप्तर देणं म्हणजे पाप नाही. आणि पहिल्या पोस्टचा टोन खटकलाच. पण गुरुजी, एक सांगा, साठ पोरांचा महिन्याचा किराणा किती होतो? ग्रुपवर विचारायचं तर आकडा लागेल.

झेडपी गुरुजी
आमच्याकडं 38 आहेत. तांदूळ-गहू आजी-आजोबा रेशनचं थोडं देतात, डाळ, तेल, गॅस आणि मावशी धरून हिशोब रात्री टाकतो. पैसे माझ्या खात्यावर मात्र नको, थेट दुकानदाराला द्या, बिल समितीच्या नावानं.

सिंहगड रोड
ठीक. वह्यांची ऑर्डर गेलीय, ती कॅन्सल होणार नाही. गाड्या कधी लागतात?

कोयता ते कीबोर्ड
दसरा झाला की.